दोन सूत

चौतीस वर्षं सातपूरला लेथवर काढली.
टूल बोथटलं की मला आधी कानाला कळायचं,
घसा बसल्यासारखा आवाज यायचा.
मायक्रोमीटर नंतर. आधी अंगठा.

म्हणून डॉक्टर शिरसाठांना पहिला प्रश्न तोच केला.
ते बायोप्सीचा आकडा सांगत होते, चार अधिक तीन,
आणि प्रमिला तो किराण्याच्या वहीत उतरवत होती,
तूरडाळीच्या खाली.
मी म्हटलं, किती जोर लावायचा
ते रोबोटला कळतं का?

रोबोट काही करत नाही काका, ते म्हणाले,
करतो मीच, हात तेवढा लांब होतो.
आणि खरं सांगू? हाताला काहीच लागत नाही.
मऊ नाही, कडक नाही.
टाका ओढताना दोऱ्याकडे बघतो,
मांस पांढुरकं पडायला लागलं की थांबतो.
डोळ्यानंच चाचपायचं.

मला नाही पटलं.
गंगापूर रोडवरच्या त्या खोलीत रात्रभर
पलंगाच्या कठड्यावरून अंगठा फिरवत पडलो.
एके ठिकाणी वेल्डिंग उंच राहिलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नसेल.

सकाळी भुलीच्या आधी दिसलं ते एवढंच:
चार हात, प्लास्टिक चढवलेले,
नव्या मशीनचं पॅकिंग काढायचं राहून गेल्यासारखे,
आणि कोपऱ्यात डॉक्टर, बूट काढून, पायात नुसते मोजे,
डोकं त्या खोक्यात घातलेलं,
माझ्याकडे पाठ.
जॉबकडे पाठ करून बसणाऱ्याला
आमच्या टूलरूममध्ये पहिला चहासुद्धा मिळाला नसता.
मग टेबल तिरकं झालं, डोकं खाली, पाय वर,
ट्रकमधून द्राक्षाचा क्रेट उतरवताना धरतात तसं,
आणि पुढचं मला माहीत नाही.

पोटावर सहा भोकं.
दुखत होता खांदा.
पोटात भरलेला गॅस वर चढतो, सिस्टर म्हणाली.
आक्रोडापेक्षा जरा मोठी ती गाठ
बेंबीजवळून पिशवीत घालून काढली होती.
दोन्हीकडच्या नसा वाचवल्यात, डॉक्टर म्हणाले,
जेमतेम दोन सूत जागा होती.
दोन सूत!
दोन सुतात मी काय काय बसवलंय आयुष्यात.
बाकीचं हळूहळू येईल, ते पुढे म्हणाले,
तेव्हा प्रमिला भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.
मार्च होता. फार वेळ बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दहा दिवस नळी.
पिशवी ती रिकामी करायची, मोजून,
त्याच वहीत लिहायची: साडेतीनशे, चारशे दहा.
रंग आधी कोकमाचा, मग चहाचा, मग नुसतं पाणी.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली,
पण माझं असं काही तिच्या अक्षरात
पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

नळी काढली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात
मिसळीच्या पहिल्या घासाला ठसका लागला,
आणि पँट.
पांडुरंग खैरनारनं समोरून बघितलं,
बघितलं नाही असं केलं, अजून एक पाव मागवला.
मेडिकलवाला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला तर
कागद कशाला वाया घालवतोस, प्रमिला म्हणाली,
सरळ पिशवीत टाक.

कडा साफ आहेत असा रिपोर्ट आला.
रक्तातला आकडा शून्याच्या पुढे
दोन शून्यं घेऊन उभा आहे. दर तीन महिन्यांनी बघायचं.

आता रोज संध्याकाळी
बसस्टॉपच्या बाकड्यावर बसून व्यायाम करतो.
आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं.
आत कुठंतरी एक नट आहे,
तो दिसत नाही, बोटाला लागत नाही,
पाना तर नाहीच.
शेजारी बसलेल्यांना वाटतं म्हातारा बसची वाट बघतोय.
डॉक्टर, तुम्हाला निदान दिसत तरी होतं.

काय पुटपुटताय, प्रमिला विचारते.
सात, मी म्हणतो. आठ.
फार जोरानं नाही.
जास्त आवळलं की आटे जातात,
ते मात्र मला कुणी शिकवायला नको.